मगाशी तर चालू होता

बटण दाबलं, पंखे फिरले, लाईट लागले आणि स्क्रीन काळी. काळी म्हणजे काळीच, कोपऱ्यात एक रेघ नाही की कर्सर नाही, मॉनिटरने "नो सिग्नल" असं एकदा सांगून बघितलं आणि तोही झोपला. दुपारचे तीन वाजले होते. अडीचपर्यंत हाच कॉम्प्युटर व्यवस्थित चालू होता, इतका की त्याच्यावरच बसून मी रॅम कशी बसवायची त्याचे व्हिडिओ बघत होते.

चालत्या गाड्याला खीळ घालायची हौस मला पहिल्यापासून आहे. आधीच्या दोन रॅम होत्या, म्हणजे मेमरीच्या पट्ट्या, १६-१६ जीबीच्या, त्यांची काहीही तक्रार नव्हती, पण मदरबोर्डावर दोन स्लॉट रिकामे दिसायचे आणि रिकामा स्लॉट दिसला की मला चैन पडत नाही. तशाच अजून दोन आणल्या, क्लिपा उघडल्या, दोन्ही अंगठ्यांनी दाबल्या, टक् टक् आवाज आला. तो टक् आवाज फार फसवा असतो बरं का, तो ऐकला की माणसाला उगाच वाटतं आपल्याला यातलं कळतं.

मला सगळ्यात राग येतो तो लाईटांचा. हल्लीच्या मशीनला जागोजागी दिवे, पंख्यात दिवे, रॅमवर दिवे, आणि आत काही म्हणजे काही चालू नसलं तरी बाहेर रोषणाई सुरू. पूर्वी मशीन बंद पडलं तर बंद पडल्यासारखं तरी दिसायचं.

मग नेहमीचं सुरू झालं. हे ज्यांनी कधी घरी मशीन जोडलंय त्यांना सांगायला नकोच. आधी मॉनिटरची वायर बघायची, ती ग्राफिक्स कार्डाऐवजी बोर्डाच्या पोर्टात खुपसलेली नाही ना (एकदा केलंय, पूर्ण संध्याकाळ गेली होती, परत विचारू नका), मग मागचा पॉवर सप्लायचा स्विच, मग २४ पिनांचा मोठा कनेक्टर दाबून बघायचा, मग वर कोपऱ्यात प्रोसेसरचा ८ पिनांचा, जो हात जात नाही अशाच ठिकाणी का ठेवतात देव जाणे, मग कार्ड काढून परत बसवायचं. दर वेळी वायर काढायची, बटण दाबून धरायचं, कारण बंद मशीनमध्येही सप्लाय ५ व्होल्ट स्टँडबाय देत असतो, बोर्ड तसा पूर्ण झोपत नाहीच, एक डोळा उघडा ठेवून बटणाची वाट बघत पडलेला असतो. परत वायर लावायची, बटण दाबायचं, अर्धा मिनिट काळ्या स्क्रीनकडे बघायचं, काही नाही, बंद. असं किती वेळा केलं ते मोजलं नाही.

बोर्डावर एका कडेला चार बारीक दिवे असतात, प्रोसेसर, डीरॅम, व्हीजीए (म्हणजे ग्राफिक्स कार्ड) आणि बूट, ज्याच्याशी अडलं त्याचा दिवा लागून राहतो. माझा पिवळा लागला होता, डीरॅमचा. म्हणजे मशीन स्वच्छ शब्दांत सांगत होतं की रॅमपाशी अडलंय. पण माणूस आपल्याच हाताने नुकतं बसवलेल्या गोष्टीवर शेवटी संशय घेतो. आधी प्रोसेसर, आधी सप्लाय, आधी कार्ड, पण ज्याला मी हात लावला तेच बिघडलं असेल असं कसं होईल! शेवटी सीमॉस क्लिअर केलं, तो गोल बटणासारखा सेल, सीआर २०३२, नखाने उचकटून काढला, पाच मिनिटं थांबले, परत लावला. म्हणजे बोर्डाच्या जे काही थोडंफार लक्षात होतं तेही पुसून टाकलं.

परत तेच. पंखे, दिवे, काळोख.

तेव्हा मला बीप आठवला.

पूर्वी कसं, मशीन बोलायचं. १९८१ सालच्या आयबीएम पीसीपासूनची रीत, चालू झालं, स्वतःला तपासलं, सगळं ठीक असेल तर एक आखूड बीप. नसेल तर त्याची एक भाषाच होती, कुठल्या कंपनीचा बायोस, म्हणजे मशीनला जागं करणारा बोर्डावरचा प्रोग्राम, आहे त्यावर ठरायची. आमच्या घरच्या पहिल्या मशीनमध्ये अवॉर्डचा होता, त्यात एक लांब आणि दोन आखूड म्हणजे डिस्प्ले कार्डाचं दुखणं. ही भाषा मला पाठ होती, पाढे नव्हते. हल्लीच्या कॅबिनेटांत तो छोटा स्पीकर बहुतेक वेळा देतच नाहीत. दिवे एवढे लावले आणि जीभ काढून घेतली.

पण बोर्डावर त्याच्या चार पिना अजून असतात. आणि माझ्याकडे डबा आहे.

डबा म्हणजे मूळचा दादाचा डबा. तो घरातून बाहेर पडला तेव्हा पुस्तकं घेऊन गेला, कपडे घेऊन गेला, हा माझ्याकडे राहिला, दिला असं तो म्हणत नाही, मी ढापला असंही मी म्हणत नाही. त्यात पितळेचे ते षटकोनी खुंट, जे कॅबिनेटला लावून मग त्यावर बोर्ड बसवतात, कुणास ठाऊक किती जातींचे स्क्रू (एकाच डब्यात दोन आट्यांचे स्क्रू ठेवणाऱ्या माणसाला काय शिक्षा द्यावी?), जुन्या हार्डडिस्कच्या रुंद पट्ट्यासारख्या केबली, तांदळाच्या दाण्याएवढे काळे जंपर, आणि अर्धा झिजलेला खोडरबर. रबर माझ्या कंपासपेटीतला. दादाचं ठाम मत होतं की कुठलीही रॅम चालत नसेल तर तिच्या सोनेरी दातांवरून रबर फिरवायचं, आणि दोनदा तरी ते खरंच चाललं होतं, त्यामुळे पुढे रेडिओपासून टॉर्चपर्यंत सगळ्याला रबर फिरवून बघण्यात आलं. वर्गात माझ्याकडे रबर नसायचं. बाईंना कारण काय सांगणार?

आणि तळाशी स्पीकर. तळहाताच्या खळग्यात बसेल एवढा, एक लाल वायर, एक काळी, पुढे चार भोकांचं टोक, त्यातली मधली दोन रिकामी.

तो हातात घेऊन मी तशीच फरशीवर बसले.

आमचं ते पहिलं मशीन बाहेरच्या खोलीत होतं. दादाने सुटे भाग जमवून स्वतः जोडलेलं, त्यामुळे ते त्याचं, आणि रात्री नऊनंतर कुणीच हात लावायचा नाही हा आईबाबांचा नियम, त्यामुळे नऊनंतर ते माझं. सगळे झोपले की मी उठायचे. बाकीचं सगळं सांभाळता यायचं हो. खुर्ची न सरकवता उभ्यानेच खेळायचं, मॉनिटरचा ब्राइटनेस आधीच कमी करून ठेवायचा. पण चालू होतानाचा जो जलसा असायचा त्याला इलाज नव्हता. बटणाचा खटका, पंख्याची घरघर, मग रॅम मोजायला सुरुवात, स्क्रीनवर आकडे सरसर चढताहेत आणि आतून किट किट किट किट असा आवाज, १६३८४ ला येऊन थांबायचं, म्हणजे १६ एमबी, मग फ्लॉपी ड्राइव्ह उगाच एकदा घर्र करून बघायचा, आणि मग शेवटी, सगळ्या घराला ऐकू जाईल असा, बीप.

"कोण आहे तिकडे?" बाबांची झोप एरवी ढोल वाजला तरी मोडायची नाही.

मग मी उशी न्यायला लागले. बटण दाबायचं आणि लगेच कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर उशी दाबून, वर आपण स्वतः छाती टेकून, त्या मशीनला मिठी मारून उभं राहायचं. छातीत ती किटकिट जाणवायची. मग बीप, उशीतून आल्यामुळे लांबच्या कुठल्यातरी घरातला असल्यासारखा. मग दहा पर्यंत मोजायचं. कुणी उठलं नाही तर उशी बाजूला आणि खेळ सुरू. पकडली गेले ती दोनदा, आणि दोन्ही वेळा दादा कूस बदलून झोपेचं सोंग घेऊन पडला होता हे मला पक्कं माहीत आहे, कारण त्याचं सोंग फार वाईट असायचं.

आणि एका रात्री आवाजच नाही. उशी दाबून उभी आहे, पंखा घरघरतोय, पण किटकिट नाही, बीप नाही. मी मोडलं, आता उद्या मार. उशी काढून बघते तर स्क्रीनवर सगळं नेहमीसारखं. नुसता आवाज गेला होता. मी तेव्हा फक्त खूश झाले, नववीतल्या मुलीला फुकटची सोय मिळाली की ती कारण विचारत नाही. स्पीकर जळला असेल असं धरून चालले आणि पुढची दोन वर्षं रात्री शांतपणे खेळले.

जळला असता तर टोक पिनेवरच राहिलं असतं. ते असं नीट काढून, वायर गुंडाळून, डब्यात कशाला आलं असतं?

असो. स्पीकर लावला. एवढ्या वर्षांत प्रोसेसरच्या पिना बदलल्या, रॅमचे दात बदलले, सप्लायचे कनेक्टर बदलले, ह्या चार पिना मात्र तशाच, गुपचूप बसला. परत वायर, परत बटण, पंखे, दिवे, आणि मी काळ्या स्क्रीनकडे न बघता डबा पुढ्यात ओतून घेतला, म्हटलं आता आवाज आला तर कळेलच, निदान ते स्क्रू तरी वेगळे करू. मोठ्या आट्याचे इकडे, बारीक आट्याचे तिकडे. एक जंपर फरशीच्या फटीत गेला तो काढला. किती वेळ गेला माहीत नाही, बाहेर अंधार झाला होता आणि मी दिवा लावलेला नव्हता, मशीनच्याच त्या नटव्या दिव्यांत स्क्रू निवडत होते.

बीप.

एकच, आखूड. आणि माझा हात माझ्याआधी हलला. तळवा सपकन त्या स्पीकरवर, घट्ट दाबून, श्वास रोखून. स्क्रीन उजळली होती आणि मी दाराकडे बघत होते. दहा मोजले. कुठल्याच खोलीतून कुणी काही विचारलं नाही. विचारणार कोण, घरात मी एकटी.

झालं होतं असं की काहीच झालं नव्हतं. मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि आपण ते आधी कधीच वाचत नाही, की डीडीआर-५, म्हणजे हल्लीच्या जातीची, रॅम बदलली की पहिल्यांदा चालू होताना मेमरी ट्रेनिंग होतं आणि त्याला काही मिनिटं लागू शकतात. बोर्ड रॅमच्या एकेका वायरीवरचा सिग्नल कधी पोचतो ते परत परत तपासून आपली वेळ जुळवत बसतो, तंबोरा लावत बसावा तसा, आणि तेवढा वेळ स्क्रीनवर काही नाही. मी दर अर्ध्या मिनिटाला गवयाच्या हातातून तंबोरा काढून घेत होते. वर सीमॉस पुसून आधी लावलेल्या ताराही उतरवल्या. तेव्हाचं ते मशीन १६ एमबी डोळ्यांदेखत मोजून दाखवायचं, आता त्याच्या चार हजार पट आहे तर अंधारात, न बोलता. निदान किटकिट तरी ठेवायची.

रात्री स्पीकरचा फोटो काढून दादाला पाठवला. खाली लिहिलं, हा तू काढून ठेवला होतास ना, मला बोलणी बसू नयेत म्हणून?

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "कुठला स्पीकर? आणि चारही स्लॉट भरलेस? मग स्पीड उतरणार."

उघडून बघितलं. रॅमचा स्पीड आधी ५२०० होता, आता ३६०० दाखवतोय.