व्हिडिओ अडकतोय? प्लॅन वाढवायच्या आधी एवढं बघा

टीव्हीवर मॅच किंवा सिरीयल अडकायला लागली की जो तो एकच सल्ला देतो, प्लॅन वाढव. मला हे मनापासून खटकतं, कारण बऱ्याच घरांत दोष लाइनचा नसतोच, पैसे मात्र दर महिन्याला जास्त जातात आणि टीव्ही पहिल्यासारखाच अडकत राहतो. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि ४के ला १५ एमबीपीएस स्पीड पुरतो. मग ५० चा प्लॅन असलेल्या घरात एकच टीव्ही चालू असताना चाक फिरतंय, तर गडबड दुसरीकडे आहे ना.

आधी आत काय चालतं ते सांगते. ऑनलाइन व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो, आणि प्रत्येक तुकडा लहान-मोठ्या क्वालिटीत तयार असतो, मागचा तुकडा किती वेगात आला ते बघून ॲप पुढचा कुठला घ्यायचा ते ठरवतं. म्हणून नेट मंदावलं की चित्र आधी धूसर होतं आणि तरीही भागलं नाही तर थांबतं. सिनेमा चालू असताना ॲप पुढचे तुकडे आणून साठवून ठेवतं, लाइव्ह मॅचमध्ये पुढचं अजून घडलेलंच नसतं त्यामुळे साठा अगदी थोडा, नेट जरा डगमगलं की लगेच अडकतं. सिनेमा नीट आणि मॅच अडकते, असं होतं ते यामुळे.

आता तपासणी. स्पीड टेस्ट मोबाइलवर करून थांबू नका, टीव्हीवरच करा, टीव्हीत ब्राउझर असेल तर त्यात फास्ट डॉट कॉम उघडा. मोबाइल राउटरशेजारी धरून स्पीड पूर्ण येतोय आणि टीव्हीवर कमी, तर सरळ वायफायचा प्रश्न. २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय लांब जातं पण बिल्डिंगमध्ये शेजारच्या सगळ्यांचे राउटर त्याच पट्ट्यात गर्दी करून असतात, ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण काँक्रीटच्या दोन भिंती आल्या की दम तोडतं. राउटर कपाटातून किंवा टीव्हीच्या मागून काढून मोकळ्या जागी उंचावर ठेवा. आणि शक्य असेल तर लॅन केबलच टाका हो, बऱ्याच टीव्हींचा पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो पण स्ट्रीमिंगला तो भरपूर झाला.

टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टमध्ये खोचायची स्ट्रीमिंग स्टिक वापरत असाल तर ती टीव्हीच्या पाठीला चिकटून असते, तिथे सिग्नल दबतो. फायर टीव्ही स्टिकच्या बॉक्समध्ये छोटी एचडीएमआय एक्स्टेंडर वायर येते, लोक ती खोक्यातच ठेवतात, ती लावा. स्टिक टीव्हीच्या यूएसबीवर चालवू नका, सोबत आलेला ॲडॅप्टरच वापरा, पॉवर कमी पडली की ती मध्येच रीस्टार्ट होते.

एकच ॲप अडकतंय आणि बाकी सगळी नीट? मग ॲप अपडेट करा, कॅशे म्हणजे ॲपने साठवलेला तात्पुरता डेटा क्लिअर करा. टीव्ही म्हणतोय इंटरनेट नाही पण वायफाय तर जोडलेलं दिसतंय? तारीख-वेळ बघा, ती चुकली असेल तर सुरक्षित कनेक्शनच होत नाही. आणि यूट्यूबवर चित्र स्वच्छ आहे पण झटके खातंय, आवाज मात्र सलग, तर व्हिडिओच्या सेटिंगमधलं 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' (तांत्रिक आकडे दाखवणारा पर्याय) चालू करून ड्रॉप्ड फ्रेम्सचा, म्हणजे दाखवायच्या राहून गेलेल्या चित्रांचा आकडा बघा, तो भराभर वाढत असेल तर बिचाऱ्या टीव्हीचा प्रोसेसरच थकलाय.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. काही स्वस्त मोबाइलमध्ये वाइडवाइनची, म्हणजे व्हिडिओची चोरी रोखणाऱ्या गुगलच्या यंत्रणेची, एल३ ही खालची पातळीच असते, तिथे नेटफ्लिक्स एचडी देतच नाही, नेट कितीही वाढवा. नेटफ्लिक्स ॲपच्या सेटिंगमध्ये प्लेबॅक स्पेसिफिकेशन असतं, त्यात ही पातळी दिसते, मोबाइल घेण्याआधी त्या मॉडेलचं हे विचारून घ्या.

राउटरला केबल लावूनही सकाळी छान आणि रात्री नऊनंतर स्पीड पडतो, तर मात्र लाइनवर गर्दी आहे. तेव्हा दोन्ही वेळच्या टेस्टचे स्क्रीनशॉट काढून नेटवाल्याला पाठवा, नुसतं 'स्लो आहे' म्हटलं की तो राउटर बंद-चालू करायला सांगून मोकळा होतो.

आणि गावाकडे आईबाबा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही बघत असतील तर क्वालिटी कमी करून द्या. एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो, रोजच्या २ जीबीचा पॅक पाऊण तासातच संपू शकतो, आणि पुढे बऱ्याच पॅकमध्ये स्पीड ६४ केबीपीएसवर येतो, त्यात व्हिडिओ चालणारच नाही.