एकादशीची ओहोटी आणि खाडीतली कयाक

थंडीत मुंबई-ठाण्याकडच्या खाडीतले पक्षी बघायचे म्हटलं की लोक गजर लावतात तो सूर्योदयाचा. मग ओळखीच्या जेट्टीवर कयाक खांद्यावर घेऊन उभे राहतात, आणि समोर पाण्याऐवजी दोनशे मीटर चिखल. इथे पाणी कधी भरतं आणि कधी फिरतं हे आधी ठरतं. आपला चहा, निघण्याची वेळ, पक्षी जवळ दिसणार की ठिपक्याएवढे, हे सगळं त्यामागून येतं.

आधी हद्दीचं बोलू. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं. सुमारे १६९० हेक्टरचं, त्यात निम्म्याहून जास्त कांदळवन आणि उरलेलं पाणी. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, तोही अभयारण्याच्या भोवतालचा पट्टा धरून. अभयारण्याच्या पाण्यात परवानगीशिवाय स्वतःची कयाक घालायची नाही. रोहितांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, मोठे थवे बघायचे असतील तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून वन विभागाची बोट सुटते, तीच घ्यावी. तिची वेळही रोज भरतीप्रमाणे बदलते, म्हणून आधी विचारून जावं. वल्हं मारायला उरतात त्या बाकीच्या खाड्या: घोडबंदरकडे गायमुख-कोलशेतचा पट्टा, बेलापूरपासून पनवेलकडे जाणारी खाडी. तिथेही जेट्टी कोणाची आहे, सागरी मंडळाचं आणि पोलिसांचं म्हणणं काय, हे आदल्या आठवड्यात विचारून ठेवा. घोडबंदरजवळ राष्ट्रीय उद्यानाचा नागला भाग खाडीला भिडतो. त्या काठाला उतरायचं नाही, पाण्यातूनच बघायचं.

आता वेळ. किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, अमावास्या-पौर्णिमेला हिशोबाने सव्वाअकरा, प्रत्यक्षात दुपारी नि मध्यरात्री बाराच्या आसपास. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज झाला. रोजचा फरक सरासरी पन्नास मिनिटांचा असला तरी उधाणात (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती-ओहोटी) तो कमी असतो आणि भांगात (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती-ओहोटी) तासाच्या वर जातो, त्यामुळे अष्टमी-नवमीच्या सुमाराला हा हिशोब हमखास घसरतो. कालनिर्णयवरून दिवस निवडावा, वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरतीच्या तक्त्यावरून घ्यावी.

तक्ता वाचताना दोन ठिकाणी लोक फसतात. एक, मुंबईचा तक्ता अपोलो बंदराचा असतो. खाडीत आत भरती उशिरा पोचते, आणि प्रत्येक जेट्टीला उशीर वेगळा. हा आकडा कोणाकडून मागू नका. पुलाच्या किंवा जेट्टीच्या खांबावर पाणी कधी थांबलं ते दोन-तीनदा बघा आणि वहीत लिहून ठेवा. दुसरं, तक्त्यातला ‘०.८ मीटर’ हा आकडा तळापासूनची खोली सांगत नाही. तो एका ठरवलेल्या पातळीपासून मोजलेला असतो. तुमच्या जेट्टीसमोर तेव्हा फक्त गाळ असू शकतो.

थंडीची आणखी एक खोड आहे. पावसाळ्यात मोठी भरती दुपारची असते, म्हणून शहर तुंबतं. डिसेंबर-जानेवारीत उलट होतं, उधाणाची मोठी भरती मध्यरात्री येते आणि दुपारची तिच्याहून ठेंगणी. तिवरांच्या खोडावर चिखलाची जी उंच रेघ दिसते ती रात्रीची. ‘पाणी अजून तिथवर चढेल’ असं समजून दिवसा आतल्या नाळेत, म्हणजे कांदळवनात शिरणाऱ्या अरुंद पाणवाटेत, थांबलात तर पाणी त्या रेघेला न टेकताच परत फिरतं.

नवशिक्याने दशमी ते द्वादशी यातला दिवस धरावा. भांग नुकतंच सरत असतं, पाण्याचा ओढा कमी असतो आणि भरती सकाळीच येते. समजा खाडीत आत पूर्ण भरती नऊला आहे. सातला, उजाडताना, कयाक पाण्यात. दोन तास भरतीबरोबर वर जायचं, पाणी थबकलं की फिरायचं, ओहोटीबरोबर खाली यायचं आणि सव्वाअकरापर्यंत जेट्टीवर. बहुतेक छोट्या जेट्ट्या पूर्ण भरतीच्या आधी आणि नंतर दोन-अडीच तासच वापरता येतात. नंतर पायरीखाली शेवाळ आणि त्याखाली मांडीएवढा गाळ. दिवस एकादशीचा असेल तर डब्यात साबुदाण्याची खिचडी चालेल, फक्त ती गार होते तेव्हा वल्ह्याच्या पात्यासारखी चिवट होते.

पाणी किती झपाट्याने उतरतं त्याचा खलाशांचा हिशोब बारा भागांचा. सहा तासांत अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन, एक भाग. उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरचा फरक असेल तर पहिल्या तासात ३३ सेंटिमीटर उतरतं, दुसऱ्यात ६७, तिसऱ्यात आणि चौथ्यात पूर्ण एकेक मीटर. म्हणून पहिला तास फसवा. काहीच होत नाही असं वाटत राहतं. त्यात चिखलाचा उतार जाणवत नाही इतका सपाट. दोनशेला एक उतार धरला तर पाणी एक मीटर उतरताना काठ दोनशे मीटर मागे सरकतो. भांगात फरक दीड मीटरचा असेल तर तोच तिसरा तास ३७-३८ सेंटिमीटरचा असतो. एकादशीचा आग्रह त्यासाठी.

वारा सकाळी जमिनीकडून, हलका. दुपारी बाराच्या पुढे समुद्राकडून, वायव्येचा, आणि तो वाढतच जातो. पाणी आणि वारा समोरासमोर आले की लाट आखूड आणि उभी होते. ठाणे खाडीत भरती उत्तरेला चढते, म्हणून दुपारची भरती त्रास देते. गायमुखला आणि पनवेल खाडीत ओहोटी पश्चिमेकडे वाहते, तिथे दुपारची ओहोटी खवळते. म्हणजे नेमकी परतीची वाट.

कयाक कोणती? वर बसायची, भोकांतून पाणी आपोआप निथळणारी, तीन ते साडेतीन मीटरची. चार मीटरच्या वर गेलात तर मोठ्या पाण्यात ती सरळ आणि वेगात जाते, पण नाळेत वळत नाही. हवा भरायची कयाक इथे आणू नये. खांबांवर, दगडांवर, मुळांवरही कालवं चिकटलेली असतात आणि ती ब्लेडसारखी कापतात. वल्हं २२० ते २४० सेंटिमीटर, हात खाली ठेवून मारायचं. उंच उचललेलं ओलं पातं उन्हात चकाकतं आणि पक्षी उठतात. सुकाणू असेल तर ते वर घेऊन बांधा, गाळात अडकतं. लाइफ जॅकेट अंगात, पट्टे आवळलेले, शिट्टी त्याला बांधलेली. पायात नाडीचे जुने कॅनव्हास बूट. चप्पल गाळ ठेवून घेतो, गमबूट पाण्याने भरतो. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, बाह्यांचा सदरा. पहाटे १६-१७ अंश असतात म्हणून जाड स्वेटर चढवणारे साडेनऊला घामाघूम होतात. पाणी तेवढं गार नसतं, थंडीने कोणी गारठत नाही. उन्हाने आणि तहानेने मात्र दमतात.

आणि बूच. कयाकच्या मागच्या टोकाला पाणी काढायचं मळसूत्री बूच असतं. ते राहिलं तर बुडत नाही लगेच, अर्ध्या तासाने कयाक जड आणि डुगडुगती होते. माणूस स्वतःच्या तोलाला दोष देत बसतो आणि आत वीस लिटर खाडी भरलेली असते.

मोठ्या खाडीतून कांदळवनात शिरणाऱ्या नाळा हा खरा आनंदाचा भाग, आणि अडकण्याचा धोकाही तिथलाच. नियम एवढाच की चढत्या पाण्यात आत जायचं आणि ओहोटी लागून तासाभरात बाहेर पडायचं. नाळेची रुंदी कयाकच्या लांबीच्या दुप्पट आहे तोवरच पुढे जा. त्याहून अरुंद झाली की तिथेच वळा, नाहीतर उलटं वल्हवत यावं लागेल. फांद्यांना हात घालून ओढत जाऊ नका. तिवराच्या झाडीत मधूनच गेव्याचं झाड असतं, त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळा काही काळ कामातून जातो.

रुतलात तर काय? वल्हं तळाला टेकायला लागलं की तो पहिला इशारा, ताबडतोब खोल पाण्याकडे. तरी कयाक बसली तर उतरायचं नाही. वजन मागे-पुढे हलवून नाक मोकळं करा, पातं आडवं टेकून ढकला. पातं उभं खुपसलं तर गाळ ते धरतो, हिसका मारला की वल्हं तिथे आणि आपण पाण्यात. निघालीच नाही तर हिशोब करा: भरतीनंतर दोन तासांनी बसलात तर पाणी ओहोटीला जाऊन परत त्याच पातळीवर यायला आठ-साडेआठ तास. साडेतीन तासांनी बसलात तर साडेपाच. म्हणजे लवकर रुतणारा जास्त अडकतो. सावली करा, पाणी पुरवून प्या, किनाऱ्यावरच्या माणसाला कळवा, गरज पडली तर ११२, तटरक्षक दलासाठी १५५४. चालत जायचा विचार करू नका. पाय गेलाच तर कयाकवर पोट टाका आणि पाय हळूहळू हलवत, गाळात पाणी शिरू देत, सोडवा.

कोळी बांधवांचे डोलीचे, म्हणजे प्रवाहात बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्याचे, खुंट ओळखायला शिका. उभे दिसतात तेव्हा ते सोपे, अर्ध्या पाण्यात त्यांची मोडकी टोकं पृष्ठभागाच्या विताभर खाली असतात, तेव्हा वाईट. ताणलेला दोर दिसला की प्रवाहाच्या वरच्या बाजूने जाऊ नका, पाणी तुम्हाला जाळ्याच्या तोंडात नेतं. सकाळी जाळं काढणाऱ्या दादांना विचारा, ‘गाळ कुठे चढलाय यंदा?’ गेल्या वर्षीची वाट या वर्षी असेलच असं नाही, आणि ते त्यांना कुठल्याही नकाशाच्या आधी माहीत असतं. घोडबंदरकडे रेती उपशाने तळ खड्ड्यांचा झालाय, काठावर कमरेएवढं पाणी आणि दोन पावलांवर डोक्यावरून. पुलाखालून जाताना दोन खांबांच्या बरोबर मधून, नाक प्रवाहात सरळ. आडवी कयाक खांबावर आदळली की उलटलीच.

आता पक्षी. ओहोटीचा दुसरा तास सर्वांत चांगला. पहिला ओला चिखल उघडा पडतो आणि भरतीत दाटीवाटीने बसलेले थवे त्या कडेला उतरतात. कोण कुठे उभा राहतो ते चोचीवर आणि पायावर ठरतं. स्टिंट हे चिमुकले पाणपक्षी नुसत्या ओल्या थरावर टिपतात, तुतारी काठाकाठाने शेपूट हलवत फिरते, काळ्या शेपटीचा पाणटिवळा पोटभर पाण्यात उभा राहून सरळ चोच मुळापर्यंत खुपसतो, आणि कर्ल्यू या मोठ्या पाणपक्ष्याची लांब वाकडी चोच खेकड्याच्या बिळाच्या वळणात बसते. लांब पायांचे शेकाटे उथळ डबक्यांत. नाळेच्या तोंडाशी निवट्या (चिखलावर सरपटणारे छोटे मासे) वर यायला लागल्या की काळ्या डोक्याचा खंड्या जवळपास असतोच. वर दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पंख इंग्रजी व्हीसारखे धरून फिरला की सगळा काठ एकदम उठतो, त्याचं खापर आपल्यावर नाही.

रोहित दिसले तर चोच बघा. लहान रोहिताची चोच गडद किरमिजी, जवळजवळ काळी वाटणारी. मोठ्याची फिकट गुलाबी आणि टोकालाच काळी. राखाडी दिसतात ती पिल्लं. ती इथे जन्मत नाहीत, इथे फक्त चरायला येतात. लहान रोहित पाण्यातलं शैवाल गाळून खातो, आणि ते शैवाल एवढं माजतं त्यात आपल्या शहरांच्या सांडपाण्याचा हात आहे. देखावा सुंदर आहे, त्याचं कारण मात्र फार अभिमानाचं नाही. नोव्हेंबर-डिसेंबरपासून ते येऊ लागतात, पण गर्दी फेब्रुवारीनंतरची. डिसेंबरात गुलाबी गालिचा मागणाऱ्याने एप्रिलचं ऊन सोसायची तयारी ठेवावी.

जवळ जायची पद्धत म्हणजे जवळ न जाणं. थव्याच्या वरच्या अंगाला, शंभर मीटरवर, वल्हं मांडीवर ठेवून ओहोटीला वाहू द्या. नाक थव्याकडे रोखलेलं नको, तिरकं. ८×४२ ची दुर्बीण पुरे, त्याहून मोठी हलत्या कयाकवर नुसतं डोकं दुखवते. फोटोला एक हजारांश सेकंदाहून मंद शटर नको. पक्ष्यांनी खाणं थांबवून माना वर केल्या, किंवा सगळे एकाच दिशेला चालू लागले, की तुम्ही जास्त पुढे आलात. तिथेच मागे वल्हवा. उडेपर्यंत थांबायचं नाही. यातले पुष्कळ पक्षी मार्च-एप्रिलात हजारो किलोमीटर उत्तरेला जाणार असतात, अंगावर चरबी चढवायला त्यांच्याकडे हे उघड्या चिखलाचेच तास आहेत.

परत आल्यावर हातापायाचे ओरखडे आधी साबणाने धुवा. हे पाणी तोंडात किंवा जखमेत जायच्या लायकीचं नाही, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. मग कयाक गोड्या पाण्याने, निथळायच्या भोकांत बोट घालून. गाळ सुकला की तो सिमेंट होतो आणि पुढच्या वेळी पाणी निथळत नाही. बूच काढून कयाक सावलीत उलटी ठेवा. बूच मात्र लाइफ जॅकेटच्या खिशात, म्हणजे पंधरा दिवसांनी पुढच्या एकादशीला ते घरी राहणार नाही.