जांभळी नळी आणि तिसऱ्यांचे शिंपले

"दोन दिवस पाणी चालू द्या मॅडम, तिसऱ्या दिवशी मासे सोडा." ज्या दुकानदाराने मला हे सांगितलं त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसलेय. राग थोडा स्वतःवरही आहे, पण तो नंतर.

टँक लहानच. दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरला तर 40 लिटर. माती-दगड घातल्यावर आत जेमतेम 30 लिटर पाणी मावतं. दाताच्या डॉक्टरकडे वाट बघत बसले असताना तिथला हिरवागार टँक पाहिला. त्यात प्लॅस्टिकची झाडं नव्हती, फुगे सोडणारा खजिन्याचा पेटारा नव्हता, नुसती वनस्पती आणि त्यात इवलेसे मासे. रूट कॅनालची भीती विसरले इतकं छान वाटलं. घरी येऊन जाहीर केलं, की दिवाळीच्या बोनसमधून हे करायचं. एकूण साडेआठ हजार गेले. सुरुवातीला त्यातले निम्मेही लागतील असं वाटलं नव्हतं.

मांडणीचा भाग मजेत गेला, त्यावर फार लिहीत नाही. टेबलावर आधी थर्माकोल, मग टँक. तळाला ॲक्वासॉइल नावाची भाजलेल्या मातीची गोळी येते ती, पुढे 3 सेंटिमीटर आणि मागे 8, म्हणजे पाहणाऱ्याला खोली जास्त वाटते. दगडांची संख्या विषम ठेवायची, मोठा दगड मधोमध न ठेवता एका बाजूला, साधारण एक तृतीयांशावर. ही इवागुमी म्हणून जपानी मांडणी, मत्स्यपेटीत ती रुजवली ताकाशी अमानो (1954–2015) या छायाचित्रकाराने. मी तीन दगड घेऊन दोन संध्याकाळी घालवल्या. नाना, म्हणजे सासरे, शेजारी खुर्ची टाकून बसले आणि दर पाच मिनिटांनी म्हणत होते, "तो जरा डावीकडे घे."

दगड मात्र तपासून घ्या. आम्ही सिंहगडाच्या पायथ्याकडून काळे दगड आणले होते. आपला काळा पाषाण पाण्यात निरुपद्रवी असतो, पण त्याच्या पोकळ्यांत कधीकधी पांढरे खडे असतात, त्यातले काही कॅल्साइटचे. व्हिनेगर टाकलं तर फसफसतात. फसफसला तो दगड पाणी जड करतो, म्हणून टाकून द्यायचा, असं मी वाचलं होतं. पाचांपैकी दोन फसफसले, ते मी कुंड्यांत टाकले. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

झाडं अगदी सोपी घेतली: अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन, थोडं मॉस. अनुबियासचं आडवं खोड मातीत पुरायचं नाही, कुजतं; फेव्हिक्विकचा एक थेंब लावून लाकडावर चिकटवायचं. लाकूड आधी उकळा, नाहीतर तरंगत राहतं आणि पाणी चहासारखं करतं. मी ते वरणाच्या मोठ्या पातेल्यात उकळलं. त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. क्रिप्टोकोरीनची पानं दहा दिवसांत विरघळली. घाबरू नका, नर्सरीत पाण्याबाहेर वाढवलेली पानं जातात आणि मुळापासून नवी येतात. आणि एक कळकळीची विनंती: कासच्या पठारावर पावसाळ्यात डबक्यांतून वायतुरा फुलतो, साताऱ्याच्याच नावाने ओळखली जाणारी पाणवनस्पती. "आपली गावरान आहे, टँकला चालेल" असं म्हणून कुणी उपटून आणू नका. ती या सह्याद्रीशिवाय दुसरीकडे कुठे नाही.

तर तिसरा दिवस. पाणी स्वच्छ, दिवा लागलेला, मी दुकानात. सहा निऑन टेट्रा आणले. पाचव्या दिवशी सकाळी दोन तळाशी, संध्याकाळी आणखी दोन. उरलेले दोन मैत्रिणीच्या जुन्या टँकमध्ये नेऊन सोडले, ते आजही आहेत. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "तुमचं पाणी खराब असेल." आणि बॅक्टेरियाची एक बाटली घ्या म्हणाला. तोपर्यंत "टँक सायकल झाला का?" हा प्रश्नसुद्धा मी ऐकला नव्हता.

टँक सायकल होणं म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: माशाच्या विष्ठेतून, सडणाऱ्या पानातून, आणि नवीन ॲक्वासॉइलमधून तर भरपूर, अमोनिया सुटतो. तो विषारी. एक प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते थोडंफार चालतं, झाडं खातात. हे जीवाणू विकत आणून एका रात्रीत बसत नाहीत; फिल्टरच्या स्पंजवर, काचेवर, मातीच्या गोळ्यांवर जमायला त्यांना साधारण चार ते सहा आठवडे लागतात. थंडीत जास्त. मी सुरू केलं डिसेंबरात, पाणी 20 अंशांवर, हीटर नाही. तोही नंतर आणला.

इथून खरी गोष्ट.

थेंबांची तपासणी किट मागवली. ओट्यावर परीक्षानळ्यांची रांग, मिक्सरशेजारी. अमोनिया नसेल तर नळी पिवळी, असेल तर हिरवी. नायट्राइट नसेल तर आकाशी, असेल तर जांभळी. नायट्रेटची दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवल्याशिवाय वापरू नका, तळाला साका बसतो आणि सगळा आकडा खोटा येतो. ही गोष्ट मला तीन आठवड्यांनी कळली.

चार मासे मारल्याचा अपराध होता, म्हणून आता मी शहाणी झाले होते. वाचलं की सायकल चालू असताना पाणी बदलू नये, नाहीतर जीवाणू वाहून जातात. ठीक. मी पाण्याला हात लावला नाही. रोज चिमूटभर फिश फूड टाकायचं, सडू द्यायचं, संध्याकाळी नळ्या भरायच्या. दुसरा आठवडा: अमोनिया 4, नायट्राइट थोडं. तिसरा: अमोनिया 2, नायट्राइट गडद जांभळं. आनंदाने नवऱ्याला नळी दाखवली. चौथा: अमोनिया 2, जांभळं. पाचवा: अमोनिया 2, जांभळं. सहावा: तेच.

या काळात घरी येणारा प्रत्येक माणूस टँकसमोर वाकून एकच विचारायचा, "यात मासे कुठेत?" नानांनी उत्तर पाठ केलं होतं: "अजून परवानगी आलेली नाही." भांडी घासायला येणाऱ्या मावशी एकदा म्हणाल्या, "ताई, पाण्यात गवत पाळलंय होय?" काचेवर तपकिरी शेवाळ आलं, पुसलं, परत आलं. दिवा आठ तासांवरून सहावर आणला. (टायमर लावाच. हाताने कधीच वेळेवर बंद होत नाही.) रात्री अकरा वाजता मी जांभळी नळी दिव्यासमोर धरून उभी, कालच्यापेक्षा फिकी आहे का बघत. नव्हती.

वैताग वाट बघण्याचा नव्हता, खरंच नव्हता. वाट बघितल्याने काही घडतंय की नाही हेच कळत नव्हतं, त्याचा होता. आकडा वाढला असता तरी चाललं असतं.

सातव्या आठवड्यात मावसभावाचा दुसऱ्याच कामासाठी फोन आला. तो चाकणला एका कारखान्याच्या सांडपाणी प्रकल्पावर, म्हणजे एसटीपीवर आहे. सहज रडगाणं गायले. तो एकदम सरसावलाच.

"ताई, पीएच किती?"

"सहा. त्याच्याखाली किट दाखवतच नाही."

"आणि अल्कॅलिनिटी?"

"ती काय असते?"

तो इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "अगं, तू घरात एसटीपी चालवतेयस आणि अल्कॅलिनिटी बघत नाहीयेस? आमच्याकडे असं केलं तर साहेब घरी बसवेल."

मग त्याने समजावलं, आणि दुकानदारापेक्षा, सगळ्या व्हिडिओंपेक्षा सोप्या शब्दांत. अमोनियाचं रूपांतर होताना आम्ल तयार होतं. पाण्यातले कार्बोनेट, म्हणजेच ती अल्कॅलिनिटी, ते आम्ल झेलतात आणि झेलता झेलता संपतात. अमोनियातल्या एक मिलिग्रॅम नायट्रोजनमागे साधारण सात मिलिग्रॅम अल्कॅलिनिटी खर्च होते. ती संपली की पीएच कोसळतो, म्हणजे पाणी आम्लधर्मी होतं, आणि दोन्ही प्रकारचे जीवाणू हात टेकतात. मरतात असं नाही, पण काम जवळजवळ बंद.

मत्स्यपेटीवाले अल्कॅलिनिटीला केएच म्हणतात. त्याची किट वेगळी. मी दुसऱ्या दिवशी आणली. एकेक थेंब टाकायचा, निळ्याचं पिवळं होईपर्यंत. जितके थेंब तितके अंश. आमच्या सिंहगड रोडला खडकवासल्याचं पाणी येतं, पावसाचं, मऊ. नळाला केएच 3 निघाला, म्हणजे लिटरला 54 मिलिग्रॅमच्या आसपास. टँकमध्ये पहिल्याच थेंबाला पिवळं. शून्यच म्हणा. आधीच गंगाजळी थोडी, त्यात ॲक्वासॉइल स्वतःही कार्बोनेट शोषून पीएच खाली ओढतं, आणि वर मी सहा आठवडे पाणी न बदलता एक थेंबही नवीन भर पडू दिली नव्हती. ज्या संयमाचा मला अभिमान होता त्यानेच माझी सायकल अडवली होती!

आणि जीवाणू वाहून जातात हे खोटं. ते पाण्यात पोहत नसतात, पृष्ठभागाला चिकटून असतात. पाणी बदलून ते जात नाहीत. नळाखाली स्पंज धुतला तर मात्र क्लोरीनने जातात. स्पंज नेहमी टँकच्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा.

भावाने आणखी एक विचारलं: "नायट्राइट 5 म्हणजे पाचच, की किटचा शेवटचा रंग 5?" शेवटचा रंग. मग त्याने सांगितल्याप्रमाणे एक भाग टँकचं पाणी आणि चार भाग आरओचं पाणी मिसळून तपासलं, आलेल्या आकड्याला पाचने गुणलं. पंधराच्या वर निघालं. म्हणजे इतके दिवस मी रोज रात्री जो रंग फिका होण्याची वाट बघत होते, तो फिका होणं शक्यच नव्हतं. वीसचे पंधरा झाले असते तरी नळी तितकीच जांभळी दिसली असती. हे एक वाक्य त्या किटच्या कागदावर ठळक छापायला काय जातं?

उपाय साधा होता. एका आठवड्यात तीनदा अर्धं पाणी बदललं: 15 लिटरची बादली, त्यात अँटी-क्लोरीनचे थेंब, टँकच्या पाण्याइतकं कोमट. सोमवार, बुधवार, शनिवार. पुण्यात राहत असाल तर गुरुवार टाळा, पाणी बंद असलं की झालं. आणि बंदनंतरचं शुक्रवारचं पहिलं पाणी बऱ्याचदा गढूळ येतं. खायचा सोडाही चालतो. 30 लिटरला पाव चमचा टाकला तर केएच दीड-दोन अंश चढतो. पण टँकमध्ये मासे नसतील तरच. आत मासे आणि अमोनिया दोन्ही असताना पीएच अचानक वर नेलात, तर तोच अमोनिया जास्त विषारी होतो.

रोज सोडा मोजत बसायचा कंटाळा आला तेव्हा नाना म्हणाले, "मग चुना घाल ना." चुना नव्हे, पण दिशा बरोबर होती. रविवारी तिसऱ्या केल्या होत्या. शिंपले उकळून, घासून, दोन दिवस उन्हात वाळवले, खलबत्त्यात जाडसर कुटले, मलमलच्या पुरचुंडीत मूठभर बांधून फिल्टरमध्ये ठेवले. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाणी आम्लधर्मी झालं की तो विरघळतो, नाहीतर गप्प बसतो. त्याच कामाचे, फसफसणारे दोन दगड मी कुंड्यांत फेकले होते हे तेव्हा आठवलं. अर्थात ॲक्वासॉइल एका बाजूला ओढतं आणि शिंपले दुसऱ्या, त्यामुळे मातीची ताकद लवकर संपेल. संपू दे. शोभेच्या कोळंब्यांनाही कवचासाठी कॅल्शियम लागतं.

केएच 2 वर आला, पीएच साडेसहाच्या पुढे. चार दिवसांत अमोनिया पिवळा. नायट्राइटला आणखी बारा दिवस लागले, पण आता मी पाण्यात पातळ करून मोजत होते आणि आकडा हलताना दिसत होता. 10, 5, 2. मग एका मंगळवारी रात्री नळी आकाशी. माझा विश्वास बसेना. दुसरी नळी भरली, तीही आकाशी. सगळे झोपले होते. नवऱ्याला उठवून दाखवली. तो "हं" म्हणून कुशीवर वळला.

घाई न करता एक परीक्षा घ्या: फूडची चिमूट टाका, दुसऱ्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले तरच मासे. मी आधी चार एम्बर टेट्रा आणले, दहा दिवसांनी आणखी चार, मग सहा चेरी कोळंब्या. गेल्या महिन्यात मॉसमध्ये सुईच्या टोकाएवढी पिल्लं दिसली. नाना भिंग घेऊन बसतात आणि मोजतात. रोज आकडा वेगळा येतो.

परवा फूड आणायला त्याच दुकानात गेले होते. एक तरुण जोडपं नवा टँक घेत होतं आणि मालक सांगत होता, "दोन दिवस पाणी चालू द्या." मला राहवलं नाही. त्या मुलीला म्हटलं, आत्ता मासे नेऊ नकोस, आधी अमोनियाची आणि केएचची किट घे. तिने माशांची पिशवी काउंटरवर परत ठेवली. मालकाने माझ्याकडे असं पाहिलं की सुट्टे पैसेही न घेता निघाले. आता फूड दुसरीकडून आणते.