सेफ्टी व्हॉल्व्हचा नंबर आणि बॉयलर पासिंगचे २६ दिवस

‘कागदपत्रे अपूर्ण.’ आमच्या बॉयलरच्या वापराच्या दाखल्याचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं (आमच्याकडे त्याला पासिंग म्हणतात), त्या अर्जावर हा शेरा दोनदा आला आणि दोन्ही वेळा एवढाच आला. कुठला कागद, त्यात काय कमी, पुढे एक अक्षर नाही. त्या दोन शब्दांपायी माझे ११ दिवस गेले आणि आमचं सायझिंग, म्हणजे सुताला खळ लावायचा कारखाना, सगळं मिळून २६ दिवस बंद राहिलं. राग अजून गेलेला नाही. पण नुसता बॉयलर तपासणीच्या कचेरीचा राग असता तर लिहायला बसले नसते. त्या दिवसांत जे हाती लागलं, ते बॉयलर चालवणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आमचं इचलकरंजीत छोटं सायझिंग आहे. यंत्रमागवाले सूत आणून टाकतात, आम्ही ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ लावून बीम (मागावर चढवायचा मोठा रूळ) भरून देतो. खळ शिजवायला वाफ, ओला ताणा सुकवणाऱ्या सिलिंडरना वाफ. बॉयलर थंड, तर सगळं थंड. आमचा बॉयलर दोन टनांचा, स्मोक ट्यूबचा (नळ्यांतून धूर, भोवती पाणी), लाकूड आणि ब्रिकेटवर, म्हणजे भुशाच्या दाबलेल्या कांड्यांवर, चालणारा. मंजूर दाब चौरस सेंटिमीटरला १०.५४ किलो, चालवतो आम्ही ७ च्या आसपास. पासिंगचं सगळं आधी अण्णा बघायचे. त्यांचे गुडघे गेल्यापासून माझ्याकडे आलं.

आमच्यासारख्या बॉयलरला वापराचा दाखला १२ महिन्यांचा मिळतो. तो संपायच्या आत बॉयलर विझवून, उघडून, साफ करून निरीक्षकांना दाखवायचा. १९२३ चा कायदा जाऊन २०२५ चा आला, तरी तपासणीला बॉयलर तयार ठेवण्याची जबाबदारी मालकाचीच आहे. अर्ज, फी आणि तपासणीची तारीख हे आठवड्याभरात झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

तयारीतलं एक मात्र सांगते. शनिवारी रात्री भट्टीतली आग बाहेर ओढून विझवली आणि सोमवारपर्यंत बॉयलरला हात लावला नाही. घाई करून गरम बॉयलरचं पाणी सोडून देणारे पुष्कळ आहेत. आमचे फायरमन, म्हणजे भट्टी सांभाळणारे, मामा त्याला कडाडून विरोध करतात आणि त्यांचं बरोबर आहे. गरम पत्र्यावरून पाणी गेलं की आतला गाळ ट्यूबवर भाजून दगडासारखा बसतो आणि ट्यूबची टोकं गळायला लागतात. आपोआप थंड झाल्यावर पाणी सोडलं, मॅनहोल (आत उतरायचं झाकण) आणि खालची गाळ काढायची मड होल उघडली, भट्टीच्या जाळीचे फायरबार बाहेर काढले, सगळे कॉक आणि व्हॉल्व्ह सुटे करून धुऊन टेबलावर मांडले. आत उजेडाला २४ व्होल्टचाच दिवा. ओल्या लोखंडात २३० चा दिवा घेऊन कुणालाही उतरवू नका, दहा मिनिटांचं काम असलं तरीही.

मंगळवारी निरीक्षक साहेब आले. ट्यूबची टोकं बसवलेली ट्यूबप्लेट टॉर्चने बघितली, भट्टीच्या पत्र्यावर हातोडी वाजवून बघितली, फ्युजिबल प्लग (पाणी कमी पडलं की वितळणारं बूच) हातात घेऊन बघितला. मॅनहोलच्या कडेला बोट फिरवून स्केल, म्हणजे क्षारांचा थर, किती ते बघितलं आणि पाणी मृदू करणाऱ्या सॉफ्टनरची वही मागितली. वही रोजची भरलेली होती, त्याचं मला समाधान आहे. मग बॉयलर गच्च पाण्याने भरून, वरची हवा काढून, सव्वापट दाबाची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, झाली. एक ट्यूब पाझरली नाही.

जाता जाता त्यांनी टेबलावरचा एक सेफ्टी व्हॉल्व्ह उचलला. दाब मर्यादेपलीकडे गेला की आपोआप उघडून वाफ सोडणारा हा व्हॉल्व्ह, आमच्या बॉयलरवर असे दोन. “हा नवा दिसतोय. नंबर?”

पाच महिन्यांपूर्वी जुना सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा फुसफुसायला लागला, म्हणून बदलला होता. नंबर काही दिसेना. आमच्या पोरांनी दर दिवाळीसारखा बॉयलर चंदेरी रंगाने रंगवला होता आणि हौसेने व्हॉल्व्हही रंगवले होते. मामांनी रॉकेलचा बोळा फिरवला, पितळी ब्रशने घासलं, तरी आकडे उमटेनात. शेवटी साहेबांनीच खडू मागितला. पंच केलेल्या जागेवर खडू घासून वरचा पुसला, तेव्हा खाचांत पांढरे आकडे उभे राहिले. त्यांनी नंबर वहीत लिहून घेतला आणि म्हणाले, “याचा फॉर्म ३-सी अपलोड करा. तो मान्य झाला की स्टीम टेस्टला येतो. तोवर पेटवू नका.” स्टीम टेस्ट म्हणजे बॉयलर पेटवून, वाफेचा दाब चढवून, सेफ्टी व्हॉल्व्ह कितीला उडतात ते बघणं.

बॉयलरवर बसणाऱ्या प्रत्येक व्हॉल्व्हला फॉर्म ३-सी लागतो. कुणी बनवला, कुठल्या धातूचा, कितीला तपासला आणि कुठले नंबर, हे त्यावर असतं. माझ्याकडे होता, पण बिलांच्या फायलीत, आणि ती फाइल हिशेबनिसांकडे. संध्याकाळी आणून अपलोड केला आणि निर्धास्त झोपले.

चार दिवसांनी शेरा आला. कागदपत्रे अपूर्ण.

मला वाटलं स्कॅन पुसट आला असेल. पुन्हा स्पष्ट स्कॅन केला. शिवाय जुना दाखला, अटेंडंटचं सर्टिफिकेट, प्रेशर गेजचं कॅलिब्रेशन, पाण्याचा रिपोर्ट, जे जे आठवलं ते सगळं पुन्हा चढवलं, १४ फायली. मग वाट बघणं. रोज सकाळी चहाच्या आधी मोबाइल उघडायचा. गोडाऊनला सुताच्या पेट्या छातीइतक्या रचलेल्या, बाहेर यंत्रमागवाल्यांचे फोन. दहा-बारा मागांचे मालक ते. बीम आला नाही तर त्यांचा माग उभा राहतो आणि मागावरच्या कामगाराची मजुरी बुडते. “ताई, दुसरीकडून भरून घेऊ का?” असं एकजण अगदी हळू विचारायचा. कचेरीत फोन लावला की वाजून वाजून बंद व्हायचा. दाखल्याची मुदत अजून संपली नव्हती, ही गोष्ट मला आणखी जाळत होती. मुदतीत अर्ज केला असेल तर निर्णय होईपर्यंत जुन्या दाबाने बॉयलर चालवता येतो, अशी तरतूद कायद्यात आहे. पण ती सुरक्षित बॉयलरसाठी. ज्याचा सेफ्टी व्हॉल्व्हच शंकेत आहे तो कसा पेटवणार? मामा म्हणाले, “एका व्हॉल्व्हवर चालवू की ताई, दुसरा चांगला आहे.” मी नाही म्हटलं. आज त्याचं बरं वाटतं.

सहाव्या दिवशी पुन्हा शेरा. कागदपत्रे अपूर्ण.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी फाइल काखेत मारून कचेरी गाठली. पावणेअकरापासून बाकावर बसले. बोलावणं आलं पावणेतीनला. ज्यांच्याकडे अर्ज होता त्यांनी स्क्रीनवर फॉर्म उघडला, निरीक्षकांची नोंद शेजारी लावली आणि अर्ध्या मिनिटात सांगितलं, “फॉर्मवर नंबर ४१ ते ६० आहेत. तुमचा व्हॉल्व्ह ६३.”

अर्धं मिनिट! हेच वाक्य त्या शेऱ्यात टाईप केलं असतं तर माझे ११ दिवस वाचले असते. मी तसं म्हटलं, आवाज चढवून म्हटलं. ते म्हणाले, शेऱ्याच्या यादीतून एकच पर्याय निवडता येतो. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. तपासणारा माणूस चूक शोधतो, म्हणजे ती त्याला दिसलेली असते. दिसलेलं समोरच्याला न सांगण्याने कुठली सुरक्षा वाढते? हे मी लेखी दिलं आहे आणि पोच घेतली आहे. तुमच्यावर ही वेळ आली तर दुसऱ्या शेऱ्याची वाट बघू नका. पहिल्याच शेऱ्याला फाइल घेऊन उठा. आणि फॉर्म अपलोड करण्याआधी त्यावरचा नंबर वाचा. मी वाचला नव्हता.

तिथूनच व्यापाऱ्याला फोन केला. तो निवांत. “ताई, एकाच लॉटचा माल आहे सगळा. फॉर्म काय, सगळ्यांना तोच देतो.” म्हणजे एका फॉर्मच्या झेरॉक्सवर त्याचा सगळा धंदा चाललेला. मी म्हटलं, मग ६३ चा फॉर्म द्या. तर म्हणाला, बघतो. संध्याकाळनंतर फोन उचलेना.

मग मी थेट बनवणाऱ्या कंपनीला मेल केला. व्हॉल्व्हचे चार फोटो, खडूने भरलेल्या नंबरचा जवळून एक फोटो, बिलाची प्रत. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं आणि ते वाचून मी खुर्चीत बसून राहिले. तो नंबर त्यांचाच होता, पण त्या नंबरचा व्हॉल्व्ह १७.५ किलो दाबाला उघडणाऱ्या स्प्रिंगचा होता आणि दुसऱ्याच गिऱ्हाइकाला गेला होता. आमच्या व्हॉल्व्हला अडकवलेल्या पत्र्याच्या टॅगवर मात्र १०.५ लिहिलेलं. टॅग कुणी बदलला ते मला आजही माहीत नाही.

खात्री करायला तो व्हॉल्व्ह फॅब्रिकेटरकडे नेला, दाब देऊन तपासायच्या हातपंपाला लावला. गेजचा काटा ८, ९, १० वरून पुढे गेला. १०.५ गेलं. ११. व्हॉल्व्ह जागचा हलला नाही. १२ ला मीच पंप थांबवायला सांगितला.

पाच महिने आमच्या बॉयलरवरच्या दोनातला एक सेफ्टी व्हॉल्व्ह नुसता दिसायला होता. कळलं कसं नाही? कारण आम्ही ७ वर चालवतो आणि दुसरा व्हॉल्व्ह १०.२ ला लावलेला आहे. त्याच्यापलीकडे दाब जायची वेळच आली नाही. नवा बसवल्यावर आम्ही लिव्हर हाताने उचलून बघितली, वाफ सुटली, समाधान मानलं. लिव्हर उचलली की कुठलाही व्हॉल्व्ह फुंकतो. तो स्वतःहून कितीला उडतो हे दाब चढवल्याशिवाय कळत नाही. त्या महिन्यांत दुसरा अडकला असता आणि रात्रपाळीला कुणाचा डोळा लागला असता तर? बॉयलरमधलं पाणी १० किलो दाबाला साधारण १८५ अंशांवर असतं. पत्रा फाटला की त्यातलं कितीतरी पाणी क्षणात वाफ होतं आणि ती वाफ भिंती घेऊन जाते. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं गेली, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी बंगालमध्ये तपासणीचा पहिला कायदा झाला. आमच्या बॉयलरपासून आठ पावलांवर मामांची खाट असते. नव्या कायद्यात सेफ्टी व्हॉल्व्हशी छेडछाड हा अजूनही फौजदारी गुन्हा आहे, आणि तो तसाच राहिला पाहिजे.

नवा व्हॉल्व्ह थेट कंपनीकडून मागवला. व्यापाऱ्यापेक्षा महाग पडला आणि यायला पाच दिवस लागले, पण सोबत मूळ फॉर्म आला, त्यावर एकच नंबर, आमचा. डब्यातून काढल्या काढल्या नंबरचा फोटो घेतला, फॉर्मशेजारी ठेवून दुसरा घेतला, आणि पोरांना सांगितलं की व्हॉल्व्हला रंगाचा ब्रश लागता कामा नये. या वेळी अर्ज दुसऱ्या दिवशी मान्य.

स्टीम टेस्टच्या दिवशी पहाटे चारला आग लावली, हळूहळू, थंड बॉयलरला घाई नको म्हणून. निरीक्षकांनी स्वतःचं गेज लावलं. त्यासाठी वेगळा कॉक असतो, तो आधीच मोकळा करून ठेवा, आमचा घट्ट बसला होता आणि वीस मिनिटं त्यात गेली. ८ नंतर कुणी बोलेना. १०.२ ला जुना उडाला. तो बंद होऊ दिला, मग निरीक्षकांनी त्याला अडकवून धरायला सांगितलं आणि दाब पुन्हा चढवला. १०.५ ला नव्याने असा आवाज काढला की शेजारच्या शेडमधले कामगार बाहेर धावले. मामांनी कानांवर हात ठेवले होते आणि डोळे पुसत होते. वाफेने असेल, पण मला माहीत आहे ते किती दिवस झोपले नव्हते. मलाही भरून आलं. दाखला त्याच संध्याकाळी आला. अण्णांना वाचून दाखवला, दाबाचा आकडा त्यांनी दोनदा विचारला.

मागाहून आठवलं म्हणून: मॅनहोलची गॅस्केट दोन जास्तीच्या आणून ठेवा, हायड्रोच्या दिवशी पहिली हमखास गळते. तपासणीचा अर्ज निदान दीड महिना आधी करा, दिवाळीच्या हंगामात तर दोन. आणि जुने व्हॉल्व्ह असतील तर आजच खडू घेऊन नंबर वाचा आणि फॉर्मशी पडताळा. आमच्याच गल्लीतल्या तिघांनी पडताळले. एकाचा फॉर्म जुळला नाही.

व्यापाऱ्याचा फोन परवा आला. पैसे परत देतो म्हणाला, फक्त तो व्हॉल्व्ह तेवढा आणून द्या. मी तो गॅसकटरने मधोमध कापला आहे. अर्धे दोन तुकडे बॉयलरच्या कपाटात, कंपनीच्या मेलच्या प्रतीशेजारी ठेवले आहेत. पैसे सोडले.