शिंका, धूळ आणि नाकातील जिवाणूंचे विष

दिवाळी सरली की कोल्हापूरच्या आसपास गुऱ्हाळे पेटतात, तोडणी झालेल्या फडांतील पाचट जळू लागते आणि माझ्यासारख्या माणसाच्या सकाळच्या शिंका वाढतात. खापर अर्थातच धुरावर फुटते. वास्तविक धूर नाकाला झोंबतो, सूज वाढवतो; अ‍ॅलर्जी मात्र बहुधा असते ती पावसाळ्यात गाद्या-उशांच्या धुळीत वाढलेल्या ‘माइट’ या सूक्ष्म जीवांची, ओलीच्या भिंतीवरील बुरशीची किंवा परागकणांची. या पदार्थांविरुद्ध शरीराने तयार केलेली आयजीई नावाची प्रतिपिंडे हिस्टामिन हे रसायन मोकळे करवतात आणि नाक गळू लागते. इथवरचे बहुतेकांना ठाऊक असते. नाकात आधीपासून मुक्कामाला असलेल्या जिवाणूंचा यातील वाटा मात्र क्वचितच बोलला जातो.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू साधारण २० ते ३० टक्के प्रौढांच्या नाकात कायम राहतो आणि एरवी काही त्रास देत नाही. त्याच्या काही जाती मात्र एन्टरोटॉक्सिन नावाची विषे सोडतात. ही विषे ‘सुपरअँटीजेन’ या गटात मोडतात. नेहमीचा परका पदार्थ शरीरात आला, तर त्याला नेमक्या ओळखणाऱ्या मोजक्याच टी पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) जाग्या होतात; सुपरअँटीजेन ही ओळखपरेडच टाळून पेशींना बाहेरच्या बाजूने परस्पर जोडते आणि टी पेशींपैकी पाचव्या हिश्शापर्यंत पेशी एकदम चेतवू शकते. आमंत्रण एका घराला आणि पंगतीला अख्खी शिवाजी पेठ, असा तो प्रकार. चेतलेल्या पेशींच्या रसायनांमुळे आयजीईची निर्मिती वाढते, इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी नाकाच्या अस्तरात गोळा होतात आणि धुळीची मूळ अ‍ॅलर्जी अधिक भडकते. शिवाय या जिवाणूची काही विकरे अस्तराची वीणच सैल करतात, त्यामुळे धुळीतील कण आत सहज शिरतात. ज्यांच्या नाकात ‘मांस वाढते’, म्हणजे पॉलिप होतात, अशा अनेक रुग्णांत खुद्द या विषांविरुद्धचे आयजीई सापडले आहे. तिथे पुरावा सर्वांत भक्कम आहे. साध्या अ‍ॅलर्जिक सर्दीत संबंध दिसतो, परंतु जिवाणूमुळे अ‍ॅलर्जी बळावते की अ‍ॅलर्जीने सुजलेल्या नाकात जिवाणूचे फावते, हे वेगळे काढणे कठीण आहे. माझ्या मते दोन्ही गोष्टी एकमेकींना खतपाणी घालतात.

हे वाचून कोणी औषधाच्या दुकानातून तीन दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स उचलू नये, ही कळकळीची विनंती. नाकातला जिवाणू मारला तरी तो पुष्कळदा परत येतो, आणि अशा प्रत्येक अनावश्यक कोर्सबरोबर औषधाला न जुमानणाऱ्या जाती मागे उरण्याची शक्यता वाढते. अ‍ॅलर्जिक सर्दीवर डॉक्टरांनी दिलेला स्टिरॉइडचा फवारा नियमाने मारणे आणि उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुणे, हेच अधिक उपयोगी ठरते. फवारा मारताना नळीचे टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने वळवावे. पडद्यावर सतत फवारा बसला तर तिथे खपली धरते आणि रक्त येते.