चिखलाची तालीम

पाऊस लागला की पुण्यातल्या रनर मंडळींचे दोन गट पडतात, एक ट्रेडमिलवर जातो आणि दुसरा टेकडीवर. मी दुसऱ्यातली. ट्रेल रन, म्हणजे डोंगरवाटेवरची धाव, असो नाहीतर ती भिंती चढायची, तारेखालून सरपटायची ऑब्स्टॅकल रेस असो, ट्रेनिंग काय करतेस असं विचारलं की लोकांना बर्पी (खाली बसून जोर मारायचा आणि उठून उडी) किती, पुल-अप किती एवढंच ऐकायचं असतं. ते आहेच हो, पण ते जिममध्येही होतं. पावसाळ्यात बाहेर पडून खरं शिकायचं असतं ते म्हणजे पायाखाली कुठली माती आहे ते, आणि हे कुठल्याच ट्रेनिंग प्लॅनमध्ये लिहिलेलं नसतं.

आता काळी माती घ्या. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि बुटाला जी धरते ती सोडतच नाही, दहा-पंधरा पावलांत तळव्याखाली आणखी एक तळवा तयार, त्यात गवत, खडे, कुणाचा तरी चॉकलेटचा कागद, आणि पाय किलोभर जड. असं झालं की धावायचा हट्ट सोडायचा, गवताच्या कडेने पाय घासत चालायचं, काडीने खरवडायचं, पुढे जायचं. मुरूम मात्र देवमाणूस, पाणी धरून ठेवत नाही, कितीही पाऊस पडू दे पाय टेकवून घेतो. कोकणात उतरलात की तांबडी माती, ती चिकटत कमी आणि घसरवते जास्त. आणि सगळ्यात वाईट म्हणजे माती नसलेली जागा, शेवाळलेला कातळ. महागातल्या ट्रेल शूजना खाली पाच-सहा मिलिमीटरचे दात असतात ना, ते चिखलात रुततात म्हणून कामाचे, ओल्या कातळात ते रुतणार कुठे? तिथे रबर चांगलं असलं तर असलं, नाहीतर सरळ बूड टेकून उतरायचं, लाजायचं नाही.

सिंहगड चढणं म्हणजे काही विशेष नाही, पायथ्याच्या आतकरवाडीतून साधारण 600 मीटरचा चढ आहे, दम असला की झालं. खरी गंमत उतरताना, त्यातून जुलैतला रविवार, म्हणजे निम्मं पुणं वाटेवर आणि सगळ्यांना भजी खायची घाई. नवीन माणूस घाबरून मागे रेलतो, टाच आधी टेकवतो आणि टाचेवरूनच सटकतो. मी उतरणं शिकले ते दही-ताक विकणाऱ्या मावशींच्या मागे चालून. डोक्यावर ओझं, पायात साधी चप्पल, आणि पावलं एवढीएवढीशी, गुडघे सतत जरा वाकलेले, अख्खं पाऊल एकदम खाली, नजर दोन-तीन दगड पुढे. थांबत नाहीत, पळतही नाहीत आणि तरी आपल्या पुढे निघून जातात. पुढे एका ट्रेल कोचने वर्कशॉपमध्ये हेच सगळं स्लाइडवर दाखवलं आणि त्याची फी घेतली.

ऑब्स्टॅकल रेसचं दुखणं वेगळं, तिथे पाय नाही तर हात दगा देतात. कोरड्या बारला मिनिटभर लटकणारी माणसं चिखलाने माखलेल्या हाताने तीन बार नाही पकडू शकत. त्यावर उपाय सोपा आहे, पुल-अप बारवर ओला टॉवेल टाकायचा आणि त्याची दोन टोकं धरून लटकायचं, जमेल तेवढं. मी हे सोसायटीच्या बागेत करते, तिथे फिरायला येणारे एक आजोबा रोज थांबून बघायचे आणि एकदा न राहवून म्हणाले, "अगं, टॉवेल वाळत घालतेयस की स्वतःला?" दोर चढण्याचं मात्र उलटं, तिथे हाताने ओढत बसलं की संपलंच, दोर पायात अडकवायचा आणि पायांवर उभं राहायचं. दोरीचा मल्लखांब केलेल्या मुलींना हे सांगावं लागत नाही, अंगठा आणि शेजारच्या बोटात दोरी धरून त्या सरसर वर जातात. बाकीचे आपण दोराखाली बर्पी मारत बसायचो, कारण स्पार्टन रेसमध्ये अडथळा नाही जमला की 30 बर्पी हीच शिक्षा ठरून गेलेली होती.

हे सगळं खूळ तसं जुनं नाही. इंग्लंडात 1987 मध्ये टफ गाय नावाची अशी रेस सुरू झाली, तीही भर जानेवारीच्या थंडीत, मग 2010 मध्ये अमेरिकेत स्पार्टन आणि टफ मडर आल्या आणि जगभर पसरलं. आता तर 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला मॉडर्न पेंटाथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेतून घोडेस्वारी जाऊन तिथे अडथळ्यांची शर्यत येतेय. पण ती अगदी स्वच्छ, चिखलाचा टिपूस नाही, त्यामुळे मला त्यात निम्माच इंटरेस्ट.

खरं सांगायचं तर आपल्याकडच्या रेसमधला चिखलही मला जरा मवाळच वाटतो. जेसीबीने खड्डा खणायचा, टँकरने पाणी सोडायचं, खाली दगड नाही, मूळ नाही, सगळीकडे सारखाच. फोटो मस्त येतात. त्यापेक्षा कोकणातली चिखल नांगरणीची स्पर्धा बघा, बैल सुसाट आणि त्यांच्यामागे जोत धरून अनवाणी माणूस गुडघाभर चिखलात, कसली ग्रिप आणि कसलं काय. नाहीतर गोव्यात माशेलचा चिखलकाला, आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवळासमोर सगळं गाव चिखलात खेळतं, ना टायमिंग ना मेडल.

फक्त एक गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही, ती म्हणजे तोंडात आणि जखमेत जाणारं पाणी. अमेरिकेत नेवाडात 2012 मध्ये गुरांच्या रँचवर अशी रेस झाली आणि 22 जण जुलाबाने आजारी पडले, चिखलात शेण मिसळलेलं होतं. आपल्याकडे लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची, भीती आहेच, पाय खरचटलेला असेल तर त्या दिवशी चिखलात उतरूच नका, आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना चिखलाचं आधी सांगा.

आणि बूट वॉशिंग मशीनमध्ये घालू नका. नळाखाली धुवायचे, आतला सोल काढायचा आणि पेपरचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवायचे, कडक उन्हात नाही, डिंक सुटतो. बोळ्यांना मधली साधी पानं घ्या, रविवारच्या गुळगुळीत पुरवण्या पाणी शोषतच नाहीत.