दाखला मुलाचा, गरज माझी

ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांसाठी चालणाऱ्या आधारगटात नाव नोंदवताना मला आलेला हा अनुभव आहे. मुलाचे निदान, थेरपी आणि शाळा यांबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिले आहे, म्हणून ते येथे सोडून देतो.

अडले ते निदानाच्या दाखल्यापाशी. आमचा दाखला वर्षापेक्षा जुना असल्याने चालणार नाही, असे नोंदणी करणाऱ्या बाईंनी सांगितले. ऑटिझम आयुष्यभर सोबत राहतो, औषधाच्या बाटलीप्रमाणे त्याच्या निदानावर मुदत छापलेली नसते, हे मी परोपरीने सांगून पाहिले. पण नियमापुढे त्यांचाही इलाज नव्हता. नवा दाखला हवा तर मुलाची फेरतपासणी हवी, आणि फेरतपासणीची प्रतीक्षा यादी आधारगटाच्या यादीहूनही लांब. झोप उडाली होती माझी, कशातच मन लागत नव्हते ते माझे, आणि तपासणी मात्र व्हायची होती मुलाची, ज्याला अनोळखी, गजबजलेल्या खोलीत थांबणे अजिबात सोसत नाही. अर्जात पालकाविषयी रकाना होता तो एकच, मुलाशी असलेल्या नात्याचा. पालकाची प्रकृती कशी आहे, हे कोठेही विचारलेले नव्हते. त्याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे स्वतःच्या नावाने गेलो. त्यांनी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली भरून घेतली. तीत मागच्या दोन आठवड्यांविषयी ९ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज १० किंवा अधिक आली, तर नैराश्याची नीट तपासणी करतात. तेथून समुपदेशकाकडे जाण्याची चिठ्ठी मिळाली, आणि तिला मुलाचा एकही कागद जोडावा लागला नाही. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. त्याचे उत्तर खरे द्यावे, आणि तसे विचार येत असतील तर कोणत्याही यादीत न थांबता त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा तातडीच्या सेवेला गाठावे.

समुपदेशकांनी पहिल्या भेटीत विचारले, की रात्री मूल झोपत नसताना हक्काने कोणाला फोन करता येईल. प्रत्यक्ष मिळालेल्या मदतीपेक्षा ती मिळेल हा भरवसा मनाच्या स्वास्थ्याशी अधिक निगडित असतो, हे त्यांच्याकडून कळले.

आधारगटात जागा मिळाली ती मात्र फेरतपासणीनंतरच. नव्या दाखल्यावर निदान अर्थातच तेच होते. एक सांगायचे राहिले: गटाच्या वेळेत मुलांना सांभाळण्याची सोय आहे का, हे नाव नोंदवतानाच विचारून घ्यावे, ती नसेल तर आईवडिलांपैकी एकालाच जाता येते.